गिरींचा राजीनामा आणि वेतनाचा निवाडा

चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आल्या, तेव्हा राजधानीतील चर्चा अपेक्षेप्रमाणे कामगार कपातीसाठीच्या 300 कामगारांच्या मर्यादेभोवती आणि संपाच्या 14 दिवसांच्या नोटिशीभोवती फिरत राहिली. ज्या बदलाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, तो वेगळाच होता. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने मालक आणि कामगार यांच्यातील तंटा न्यायाधिकरणाकडे धाडायचा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला होता. समेटाची बोलणी फसली म्हणून कामगाराला आपल्या पायाने न्यायाधिकरणाची पायरी चढता येत नसे. वेतन, भत्ते, कपात अशा सामुदायिक तंट्यांत ती वाट सरकारच्या आदेशातूनच जात असे. हा आदेश कोणत्या संघटनेसाठी तत्परतेने निघतो आणि कोणत्या संघटनेच्या फाइलवर धूळ बसते, हे श्रमशक्ती भवनात ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. नव्या औद्योगिक संबंध संहितेने काही अपवाद वगळता ही किल्ली सरकारच्या हातून काढून घेतली आहे.

ही किल्ली फेकून द्यावी, असा आग्रह धरणारा एक केंद्रीय कामगारमंत्री सत्तर वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे कोणी ऐकले नाही. मालकांनी नाही, मंत्रिमंडळातील सहकाऱ्यांनी नाही आणि, यातली खरी गंमत अशी की, ज्यांच्यासाठी तो हे मागत होता त्या कामगार संघटनांनीही नाही. वराहगिरी वेंकट गिरी हे नाव आज बहुतेकांना आठवते ते 1969 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीमुळे. काँग्रेसची फूट, सद्सद्विवेकबुद्धीनुसार मतदानाचा पुकारा आणि दुसऱ्या पसंतीची मते या नाट्यात गिरींचे आधीचे अर्धे शतक झाकले गेले. प्रत्यक्षात राष्ट्रपतिपद हा त्यांच्या आयुष्याचा उपसंहार होता. कामगाराचे वेतन नेमके कोणी ठरवावे, मालकाने, सरकारने, न्यायाधीशाने की खुद्द कामगाराच्या संघटनेने, या एकाच प्रश्नाशी ते जन्मभर झुंजत राहिले.

गिरींचा जन्म 10 ऑगस्ट 1894 चा, गंजाम जिल्ह्यातील ब्रह्मपूरचा. हे शहर आज ओडिशात आहे. तेव्हा ते मद्रास इलाख्यात होते. कुटुंब तेलुगूभाषक, वडील जोगय्या पंतुलू नावाजलेले वकील. मुलानेही वकील व्हावे हे ओघानेच आले. मात्र 1913 मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी तो लंडनला न जाता डब्लिनला गेला, आणि तिथे कायद्यापेक्षा वेगळेच शिकला.

1913 च्या उत्तरार्धातले डब्लिन हे युरोपातील एका भीषण टाळेबंदीचे शहर होते. ट्रामगाड्या आणि वृत्तपत्रे यांचे मालक विल्यम मार्टिन मर्फी यांच्या पुढाकाराने शहरातील मालकांनी एकजूट केली आणि जिम लार्किन यांच्या वाहतूक कामगारांच्या संघटनेशी संबंध ठेवणार नाही, असे लेखी दिल्याशिवाय कामावर घेणार नाही, अशी अट घातली. सुमारे 20,000 कामगार रस्त्यावर आले. हिवाळाभर त्यांनी तग धरला आणि 1914 च्या आरंभी उपासमारीपुढे हार मानून ते कामावर परतले. लार्किन यांचे सहकारी जेम्स कॉनली पुढे 1916 च्या ईस्टर उठावात उतरले आणि गोळीला बळी पडले. आयरिश स्वातंत्र्यवाद्यांच्या सहवासाचा ठपका आलेल्या या भारतीय विद्यार्थ्यालाही त्याच वर्षी आयर्लंड सोडावे लागले.

गिरींच्या चरित्रकारांनी डब्लिनमधून त्यांनी संघटनेचे महत्त्व शिकून आणले, असे म्हटले आहे. ते खरेच आहे. पण डब्लिनचा धडा दुहेरी होता. संघटना असेल तर मालकाला तिची दखल घ्यावी लागते, हा त्याचा पहिला भाग. पाठीशी निधी नसेल, चूल पेटती ठेवण्याची सोय नसेल आणि सरकार मालकाच्या बाजूने उभे असेल, तर सर्वांत शूर संघटनाही मोडते, हा दुसरा. पहिला भाग गिरींनी आयुष्यभर उराशी बाळगला. दुसऱ्या भागाकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले का, अशी शंका त्यांच्या मंत्रिपदाच्या काळाकडे पाहताना आल्याशिवाय राहत नाही.

मायदेशी परतल्यावर काही वर्षे ब्रह्मपुरात वकिली, मग असहकारितेच्या हाकेनुसार वकिलीचा त्याग, 1922 मध्ये तुरुंगवास, हा क्रम त्या पिढीतील कितीतरी जणांचा आहे. गिरींचे वेगळेपण रेल्वेमार्गाने आले. ब्रह्मपूर बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गावर होते. आपल्याकडे नागपूरच्या नावामुळे ओळखीच्या असलेल्या या रेल्वेचे मोठे कारखाने खरगपूरला होते आणि तिथल्या कामगारांत तेलुगूभाषकांचा भरणा मोठा होता. या कामगारांची संघटना गिरींनी बांधली. देशभरातील रेल्वे कामगारांना एका छत्राखाली आणणाऱ्या अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनच्या संस्थापकांतही ते होते.

त्या काळी संघटना बांधणे हेच मुळी धोक्याचे होते. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या तंट्यात 1921 मध्ये न्यायालयाने कामगारनेते बी. पी. वाडिया यांच्यावर मनाई हुकूम बजावला आणि कामगारांना संपाचा सल्ला देणे हा मालकाच्या कराराचा भंग घडविणारा अपराध ठरू शकतो, हे देशाला कळले. ना. म. जोशी यांनी त्याच वर्षापासून केंद्रीय विधिमंडळात कायदेशीर संरक्षणासाठी पाठपुरावा केला आणि 1926 मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला. त्या कायद्याने नोंदणीकृत संघटनेला संरक्षण दिले आणि तिचे निम्मे पदाधिकारी बाहेरचे असू शकतील, अशी मुभाही दिली. ही मुभा त्या काळाची गरज होती. निरक्षर आणि बडतर्फीच्या भीतीखाली असलेल्या कामगाराला वकील, शिक्षक, समाजसेवक यांच्या आधाराविना उभे राहता आले नसते. मात्र बाहेरचा नेता पुढे पक्षाचा नेता झाला आणि एका कारखान्यात जितके पक्ष तितक्या संघटना उभ्या राहिल्या. भारतीय कामगार चळवळीचा हा जन्मजात दोष आहे आणि स्वतः गिरीही असेच बाहेरून आलेले वकील होते, हे नोंदवावे लागेल.

खरगपूरला 1927 मध्ये कामगार कपातीच्या प्रश्नावर संप आणि टाळेबंदीचा दीर्घ संघर्ष झाला. तो गिरींच्या नेतृत्वाची कसोटी ठरला. तोवर ते आयटकचे अध्यक्ष होऊन गेले होते आणि त्याच वर्षी जीनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. पुढे 1929 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, जवाहरलाल नेहरू अध्यक्षस्थानी असताना, आयटक फुटली. व्हिटली आयोगावर बहिष्कार टाकावा की नाही, हे निमित्त होते. मूळ भांडण संघटनेने क्रांतीचे हत्यार व्हावे की वेतन आणि कामाचे तास यांपुरते बोलावे, हे होते. ना. म. जोशी बाहेर पडले, त्यांच्यासोबत गिरीही पडले आणि नव्या इंडियन ट्रेड्स युनियन फेडरेशनची धुरा गिरींकडे आली. ही फूट भरून यायला 1940 उजाडले. दुसऱ्या गोलमेज परिषदेतही गिरी कामगारांच्या वतीने गेले होते.

1937 च्या निवडणुकीत त्यांनी बोब्बिलीच्या राजांना त्यांच्याच बालेकिल्ल्यात हरविले. मद्रास इलाख्याचे मावळते प्रमुख मंत्री असलेल्या जस्टिस पक्षाच्या नेत्याचा हा पराभव त्या निवडणुकीतील मोठ्या धक्क्यांपैकी होता. राजाजींच्या मंत्रिमंडळात कामगार आणि उद्योग ही दोन्ही खाती गिरींना मिळाली. याच सुमारास मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळाने 1938 चा औद्योगिक विवाद कायदा आणला. संपाआधी समेटाची प्रक्रिया सक्तीची करणाऱ्या या कायद्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी 7 नोव्हेंबर 1938 रोजी एक दिवसाचा संप पुकारला. मुंबईची ही वाट पुढे 1946 च्या कायद्यापर्यंत गेली. एका उद्योगात सरकारमान्य अशी एकच प्रातिनिधिक संघटना, हे त्या कायद्याचे सूत्र. त्याचे फलित मुंबईने 18 जानेवारी 1982 पासून पाहिले. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंत यांच्या मागे होते आणि कायद्याच्या दप्तरी मात्र बोलण्याचा अधिकार दुसऱ्याच संघटनेकडे होता. सरकारने नेमून दिलेला प्रतिनिधी आणि कामगाराने मानलेला प्रतिनिधी यांत अंतर पडले की काय होते, याचे याहून मोठे उदाहरण देशात नाही.

स्वातंत्र्यानंतर श्रीलंकेतील उच्चायुक्तपद सांभाळून परतलेले गिरी 1952 मध्ये पाथपट्टणमहून पहिल्या लोकसभेवर आले आणि नेहरूंनी त्यांना कामगारमंत्री केले. कामगार चळवळीत हयात घालविलेला माणूस त्या खात्यावर आला, म्हणून संघटनांना आनंद झाला. तो फार टिकला नाही.

ऑक्टोबर 1952 मध्ये नैनितालला भारतीय श्रम परिषद भरली. तिच्यापुढे गिरींनी आपली भूमिका मांडली आणि तिला पुढे गिरी दृष्टिकोन असे नावच पडले. तिचा सारांश असा. युद्धकाळातील हुकूमशाही नियमांमधून जन्मलेली सक्तीची न्यायनिवाडा पद्धत शांततेच्या काळात चालू ठेवण्याचे कारण नाही. तंटा न्यायाधिकरणाकडे जाण्याची शक्यता दिसली की मालक वाटाघाटीत हात आखडता घेतो, कारण आज दिलेले उद्या किमान पातळी मानले जाईल, ही त्याची भीती. संघटनाही अवाच्या सवा मागण्या लिहून देते, कारण न्यायाधीश मधले काहीतरी देणार, हा तिचा हिशेब. निकाल लागला तरी एक पक्ष जिंकतो, दुसरा हरतो आणि हरलेला अपिलात जातो. कामगाराला वर्गणी देऊन संघटना बळकट करण्याऐवजी चांगला वकील मिळवणे सोयीचे वाटू लागते. हे टाळायचे, तर दोघांनी समोरासमोर बसून करार करावेत. न जमल्यास स्वेच्छेने लवाद निवडावा. आणि सरकारने दूर राहावे.

यातील प्रत्येक निरीक्षण पुढे खरे ठरले. न्यायाधिकरणांपुढील खटले वर्षानुवर्षे लांबले आणि कामगार कायद्याचे वकील हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला. तरीही 1952 मध्ये संघटनांनी नकार दिला, तो निव्वळ सवयीपोटी नव्हता. त्यांच्याकडे निधी नव्हता, एका उद्योगात तीन-चार संघटना होत्या, मालकावर संघटनेला मान्यता देण्याचे केंद्रीय कायद्याचे बंधन नव्हते आणि फाटकाबाहेर बेरोजगारांची रांग उभी होती. अशा स्थितीत सरकार दूर राहिले तर मालकाचेच राज्य येईल, हे त्यांना कळत होते. इंटकला तर अहमदाबादच्या मजूर महाजनाचा, 1918 पासूनच्या गांधीप्रणीत लवादाचा वारसा होता; निवाडा ही तिच्या दृष्टीने कमकुवतपणाची नव्हे, तत्त्वाची गोष्ट होती. डब्लिनच्या धड्याचा दुसरा भाग नैनितालमध्ये संघटनांनी गिरींना ऐकवला, असेच म्हणावे लागते. माझ्या मते त्या वर्षी संघटनांचे बरोबर होते आणि त्यापुढच्या वर्षांत गिरींचे. दुबळ्याला निवाड्याचा आधार हवाच असतो. पण त्या आधाराची सवय लागली की तो दुबळाच राहतो.

गिरी स्वतः कायदेशीर संरक्षणाच्या विरोधात होते, असा समज मात्र चुकीचा ठरेल. 1953 मध्ये कापड गिरण्यांतून कामगारांना तात्पुरते घरी बसविण्याचे सत्र सुरू होण्याची चिन्हे दिसताच त्यांच्याच कारकिर्दीत आधी वटहुकूम आणि मग कायदादुरुस्ती झाली. कामबंदीच्या काळात निम्मे वेतन आणि कपात झाल्यास प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे वेतन, ही तरतूद तेव्हाची आहे. ती नव्या संहितेतही जवळजवळ तशीच उतरली आहे. वाटाघाटीने वेतन वाढवावे, पण भुकेच्या काठावर कोणाला वाटाघाटी करायला लावू नये, असा भेद गिरी करीत होते.

आणि मग बँकांचा तंटा आला.

बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा प्रश्न 1949 पासून भिजत पडला होता. के. सी. सेन यांच्या न्यायाधिकरणाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये तांत्रिक कारणावरून रद्द केला. मग शास्त्री न्यायाधिकरण, 1953 चा त्याचा निवाडा, त्यावर अपील आणि एप्रिल 1954 मध्ये अपील न्यायाधिकरणाचा निर्णय. पाच वर्षांच्या पायपिटीनंतर कर्मचाऱ्यांच्या पदरात काहीतरी पडत होते. पण अपील न्यायाधिकरणाच्या निर्णयात फेरफार करण्याचा अधिकार 1950 च्या कायद्याने सरकारने स्वतःकडे राखून ठेवला होता. अर्थ मंत्रालयाचे म्हणणे असे पडले की, हा बोजा बँकांना, विशेषतः छोट्या बँकांना आणि लहान गावांतील शाखांना पेलणार नाही आणि बँकांचा विस्तारच खुंटेल. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. ऑगस्ट 1954 मध्ये मंत्रिमंडळाने कर्मचाऱ्यांचे लाभ कमी करणारे फेरफार जाहीर केले आणि गिरींनी राजीनामा दिला.

अर्थ मंत्रालयाचा युक्तिवाद पोकळ नव्हता, हे मान्य केले पाहिजे. तालुक्याच्या गावी चार कारकुनांवर चालणाऱ्या शाखेला मुंबई-कलकत्त्याच्या तोडीचे वेतन द्यायला लावले, तर शाखाच उघडणार नाही आणि तिथला शेतकरी सावकाराच्या ओट्यावरच राहील, हे म्हणणे वेतनसंरक्षणाच्या प्रत्येक टीकाकाराचे आजही आहे. नोकरीत असलेल्याचे हित आणि नोकरीच्या दारात उभ्या असलेल्याचे हित एकच नसते. पण गिरींचा मुद्दा वेतनाच्या आकड्याचा नव्हताच. ज्या सरकारने संघटनांना सांगितले की संप करू नका, न्यायाधिकरणाकडे जा, त्याच सरकारने न्यायाधिकरणाचा निकाल गैरसोयीचा वाटताच कापला, तर कामगाराने विश्वास कोणावर ठेवायचा? सक्तीच्या निवाड्याचे समर्थक जो आधार भक्कम म्हणून दाखवीत होते, तो मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत खचू शकतो, हे गिरींनी दोन वर्षांपूर्वी सांगितले होते. आता ते त्यांच्याच डोळ्यांदेखत घडले.

त्यांच्या जागी कामगारमंत्री म्हणून आले इंटकचे नेते खंडूभाई देसाई. देशभर उठलेल्या असंतोषानंतर सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांचा आयोग नेमला. त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी ते काम पूर्ण केले. आयोगाने अपील न्यायाधिकरणाचा निर्णय काही फेरफारांसह लागू करण्याची शिफारस केली आणि 1955 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. अपील न्यायाधिकरण पुढच्याच वर्षी बरखास्त झाले. हेच गजेंद्रगडकर पुढे सरन्यायाधीश झाले आणि पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षही. त्यांच्या आयोगाने 1969 च्या अहवालात निवाड्याकडून क्रमाक्रमाने वाटाघाटीकडे जाण्याचा आणि तंटे सोपविण्याचे काम सरकारऐवजी स्वायत्त औद्योगिक संबंध आयोगांकडे देण्याचा सल्ला दिला. तो अहवाल फडताळात गेला.

बँकांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. आणखी एका न्यायाधिकरणाचा अनुभव घेतल्यावर बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना दोघेही निवाड्याला कंटाळले आणि 19 ऑक्टोबर 1966 रोजी त्यांनी पहिला द्विपक्षीय करार केला. तेव्हापासून बँकांचे वेतन समोरासमोर बसूनच ठरते. बारावा करार 8 मार्च 2024 रोजी झाला. ज्या क्षेत्रापायी गिरींना मंत्रिपद सोडावे लागले, तिथेच त्यांचा मार्ग सर्वांत अधिक काळ टिकला. या क्षेत्रात संघटना एकवटलेली होती, सभासद लिहिते-वाचते होते आणि त्यांच्या एका दिवसाच्या संपाने धनादेश अडत. विडी वळणारी बाई, वीटभट्टीवरचा मजूर किंवा शेतमजूर यांच्या हाती असे काहीच नसते. बँकेच्या दारातील कंत्राटी रखवालदारही या कराराच्या टेबलावर नसतो. त्यांच्यासाठी 1948 चा किमान वेतन कायदा होता, तोही अनुसूचीत नाव असलेल्या उद्योगांपुरता. केंद्राने 2017 मध्ये दिवसाला 176 रुपये अशी राष्ट्रीय पायाभूत पातळी जाहीर केली, तेव्हा राज्यांसाठी तो केवळ सल्ला होता. पायाभूत वेतन बंधनकारक करून किमान वेतन सर्व कामगारांना लागू करण्याची तरतूद 2019 च्या वेतन संहितेने केली. संघटनेच्या ताकदीवर वेतन सोडणाऱ्या कोणत्याही विचाराला या बहुसंख्य असंघटितांपाशी येऊन थबकावे लागते, आणि गिरींचा विचारही त्याला अपवाद नव्हता.

राजीनाम्यानंतर 1957 च्या निवडणुकीत पार्वतीपुरमला गिरी अल्प मतांनी हरले. दोन जागांच्या त्या मतदारसंघात राखीव जागेसाठी पात्र असलेला उमेदवार सर्वसाधारण जागेवर निवडून येऊ शकतो का, हा त्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथेही त्यांचा पराभव झाला. मग उत्तर प्रदेश, केरळ आणि म्हैसूर या राज्यांचे राज्यपालपद, 1967 मध्ये उपराष्ट्रपतिपद. झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर 3 मे 1969 पासून ते हंगामी राष्ट्रपती झाले.

त्या वर्षीच्या जुलैत राजधानीत जे घडले, ते अनेकदा लिहिले गेले आहे. 14 मोठ्या खासगी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम 19 जुलैला निघाला. त्यावर सही गिरींची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पद सोडले आणि अपक्ष म्हणून निवडणुकीत उतरले. बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यावरून पंधरा वर्षांपूर्वी मंत्रिपद सोडणाऱ्याने बँकांचा मालकच बदलणाऱ्या कागदावर सही करून दुसरे पद सोडले. निवडणुकीत त्यांच्यासमोर काँग्रेसचे नीलम संजीव रेड्डी होते आणि जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर उभे असलेले तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख, 1954 चे अर्थमंत्री, ज्यांनी स्वतः 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला होता. पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. देशमुखांच्या 1,12,769 मतमूल्याची दुसरी पसंती मोजल्यावर गिरी 4,20,077 विरुद्ध 4,05,427 अशा फरकाने निवडून आले. राजीनाम्याचे मोल जाणणारे दोन माजी मंत्री एकाच मतपत्रिकेवर होते, याकडे त्या धामधुमीत कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते.

गिरी राष्ट्रपती म्हणून पंतप्रधानांच्या मर्जीबाहेर गेले नाहीत, ही टीका त्यांच्यावर तेव्हाही झाली आणि आजही होते. तिची सर्वांत कठीण बाजू त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या चार महिन्यांत आहे. 8 मे 1974 रोजी रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला. सुमारे 17 लाख कर्मचाऱ्यांच्या या उद्योगात बोनस, आठ तासांचा दिवस आणि सार्वजनिक उपक्रमांच्या बरोबरीचे वेतन या मागण्या होत्या. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस हे ज्या रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते, तिच्या संस्थापकांपैकी एक तेव्हा राष्ट्रपती भवनात राहत होता. संपाआधीच, 2 मे रोजी, फर्नांडिस यांना अटक झाली. भारत संरक्षण नियमांखाली हजारो कामगार तुरुंगात गेले, रेल्वे वसाहतींतून कुटुंबांना बाहेर काढण्यात आले आणि विसाव्या दिवशी संप मोडला. गिरींनी 1927 मध्ये खरगपूरला ज्या प्रकारच्या कारवाईशी सामना केला होता, ती आता प्रजासत्ताकाच्या सरकारकडून होत होती. मालक सरकारच असेल, तेव्हा वाटाघाटीत सरकारने दूर राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाला त्यांच्या दृष्टिकोनात उत्तर नव्हते.

त्यानंतर 6 जुलै 1974 चा वटहुकूम आला. महागाई रोखण्यासाठी वेतनवाढीची पूर्ण रक्कम आणि वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीची ठेव म्हणून सरकारकडे वळती करण्याचा तो हुकूम होता. न्यायाधिकरणाने दिलेले असो की करारातून मिळवलेले असो, दोन्ही प्रकारचे वेतन त्याने एकाच कात्रीत धरले. त्यावरही सही गिरींचीच. घटनात्मकदृष्ट्या त्यांच्यासमोर दुसरा मार्ग होता का? राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने शमशेर सिंह खटल्यात 23 ऑगस्ट 1974 रोजी निःसंदिग्ध केले. दुसऱ्या दिवशी गिरींचा कार्यकाळ संपला. राष्ट्रपतीला मंत्र्यासारखा सल्ला नाकारून राजीनामा देता येतो. ती वाट गिरींना चांगली परिचयाची होती. या वेळी ते त्या वाटेने गेले नाहीत. तेव्हा ते 80 वर्षांचे होत होते.

1975 मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले. त्याच वर्षी आणीबाणी जाहीर झाली आणि सप्टेंबरमध्ये वटहुकूम काढून किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणला गेला; तो पूर्ववत व्हायला 1977 चे सत्तांतर व्हावे लागले. गिरी मद्रासला राहात होते. 24 जून 1980 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या राष्ट्रपतिपदाच्या अखेरच्या वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय श्रम संस्थेला 1995 मध्ये त्यांचे नाव दिले गेले. ती नोएडात आहे. नव्या संहितेनुसार संपाची नोटीस दिल्यावर समेटाची कार्यवाही सुरू झाली की ती चालू असेपर्यंत आणि नंतर 7 दिवस संप करता येत नाही, प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले की ते संपेपर्यंत आणि त्यानंतर 60 दिवस तर नाहीच. आणि वाटाघाटीला एकट्याने बसण्याचा हक्क हजेरीपटावरील 51 टक्के कामगार सभासद असलेल्या संघटनेला आहे. इतके सभासद कोणाकडेही नसतील, तर 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी या हिशेबाने परिषद बसते. सरकारच्या हातातली किल्ली गेली आहे. दाराच्या या बाजूला उभ्या असलेल्या कामगाराच्या हाती संपाचे किती दिवस उरतात, याची मोजदाद आता पहिल्या मोठ्या तंट्यात होईल.